फुप्फुसीय उच्च रक्तदाब आणि वनस्पतिजन्य संयुगे

फुप्फुसीय धमनीतील दाब वाढला की हृदयाच्या उजव्या निलयाला (फुप्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याला) दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. त्याची भिंत आधी जाड होते, मग ते फुगते व अखेर थकते. या विकारावर वनस्पतींतील संयुगे उपयोगी पडतील का, याचा शोध मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून घेतला गेला आहे. फुप्फुसीय दाब उतरवणारे औषध म्हणून त्यांपैकी एकालाही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांत स्थान मिळालेले नाही. विश्रांतीच्या स्थितीत या धमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १४ मिमी. असतो. १९७३ च्या जिनीव्हा येथील बैठकीपासून २५ मिमी. ही विकाराची सीमा धरली जाई. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने ती २० मिमी.वर आणली.

ज्या उंदरांवर ही संयुगे तपासली जातात, त्यांना हा विकार जडवण्याचे कामही बहुधा एक वनस्पतीच करते. शिंबावंत कुलातील क्रोटालेरिया (खुळखुळा) प्रजातीच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की आतल्या सुट्या बिया खुळखुळतात. मराठी नाव त्यावरूनच पडले आणि शास्त्रीय नावामागचा ग्रीक शब्दही अशाच एका वाद्याचा आहे. तिच्यातील क्रो. स्पेक्टॅबिलिस या जातीच्या बियांत मोनोक्रोटालीन हे अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त वनस्पतिजन्य संयुग) असते. या बिया खाऊ घातलेल्या उंदरांत फुप्फुसीय दाब वाढल्याचे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. आता शुद्ध अल्कलॉइडचे एकच इंजेक्शन, सामान्यतः दर किग्रॅ. वजनामागे ६० मिग्रॅ., देतात, तीन ते चार आठवड्यांत विकार उभा राहतो. परिणाम मोजण्याची एक रीत साधी आहे : हृदय काढून उजव्या निलयाची भिंत कापून वेगळी करतात व तिचे वजन डावे निलय आणि मधला पडदा यांच्या एकत्रित वजनाशी ताडतात.

मोनोक्रोटालीन मूळ रूपात फारसे अपायकारक नसते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील एंझाइमे त्याचे पायरोल या क्रियाशील, विषारी संयुगात रूपांतर करतात. यकृतातून निघालेले रक्त हृदयामार्गे प्रथम फुप्फुसांतच पोहोचते, त्यामुळे तेथील रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराला या पायरोलची झळ लागते. पुढच्या घटनांत अंतःस्तराची इजा प्रधान मानावी की शोथ (दाहयुक्त सूज), याबद्दल एकमत नाही. येथे महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. अनेक वनस्पतिजन्य फिनॉले याच एंझाइमांना रोखतात. मोनोक्रोटालीनच्या दिवसापासूनच असे संयुग दिले, तर ते विष तयार होऊ न देता उंदीर वाचवू शकते. तो विकारावरचा उपचार नव्हे. रुग्ण मात्र डॉक्टरांकडे येतो तो विकार जडल्यानंतर. म्हणून विकार स्थिरावल्यावर संयुग दिलेले प्रयोग अधिक विश्वसनीय धरावेत. दुर्दैवाने तेच थोडे आहेत. रुग्णांच्या फुप्फुसांत दिसणाऱ्या जाळीदार विकृती या उंदरांत सहसा आढळत नाहीत, ही आणखी एक उणीव. त्या दृष्टीने, एसयू-५४१६ हे रसायन व विरळ प्राणवायू यांची जोड देऊन उंदरांत उभे केलेले विकाराचे प्रतिरूप मानवी विकाराच्या अधिक जवळचे मानतात.

सोयाबीनमधील जेनिस्टीन वरील कसोटीला उतरते. मोनोक्रोटालीननंतर तीन आठवड्यांनी ते सुरू करूनही उंदरांतील वाढलेला दाब उतरल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा परिणाम ईस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनाच्या ग्राहीमार्फत (हॉर्मोन जिथे जोडले जाते त्या पेशीतील प्रथिनामार्फत) घडतो असे दिसते. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो, तरी त्या पुरुषांपेक्षा अधिक काळ तग धरतात, हे कोडे येथे आठवते. माईनमुळातील फोर्स्कोलीन पेशींतील सायक्लिक एएमपी हा रक्तवाहिन्या सैल करणारा संदेशवाहक रेणू वाढवते. प्रस्थापित प्रोस्टासायक्लीन औषधांचा मार्गही तोच आहे, पण फोर्स्कोलीनचा परिणाम फुप्फुसांपुरता मर्यादित राहत नाही व सर्व शरीराचा रक्तदाब घसरू शकतो. द्राक्षांतील रेस्व्हेराट्रॉल, कांद्यातील क्वेर्सेटीन, हळदीतील कुर्क्युमीन, दारुहळदीतील बर्बेरीन, स्कुटेलारिया या वनस्पतीतील बैकलीन इत्यादींबाबतही उंदरांत अनुकूल निष्कर्ष आले आहेत. पैकी रेस्व्हेराट्रॉल व कुर्क्युमीन तोंडाने घेतल्यास आतडे व यकृत यांतच त्यांचे झपाट्याने रूपांतर होते आणि रक्तात मूळ रूपात फार थोडे उरते. डिजिटॅलिस वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन निवडक रुग्णांना देतात, परंतु ते हृदयासाठी.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज या विकारात विशेष घातक आहे. जपानमध्ये बृहदांत्राच्या व्रणयुक्त शोथावर नीळयुक्त पारंपरिक चूर्ण घेणाऱ्या काही रुग्णांत फुप्फुसीय दाब वाढलेला आढळला. २०२२ च्या मार्गदर्शिकेत या चूर्णातील इंडिरुबीन व सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती या दोहोंची संभाव्य कारणांत नोंद आहे. सेंट जॉन्स वर्ट यकृतातील एंझाइमे वाढवून सिल्डेनाफिल व बोसेंटान या फुप्फुसीय दाबावरील औषधांची रक्तातील पातळीही खाली आणते.