मनगटावरचा हिरवा दिवा आणि डोक्यातली झोप

बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गप्पांत हल्ली साखर आणि बीपीच्या जोडीला तिसरा आकडा आला आहे, स्मार्ट घड्याळानं दाखवलेल्या झोपेचा. ‘काल डीप स्लीप, म्हणजे गाढ झोप, फक्त एक्केचाळीस मिनिटं,’ असं एक काका काळजीनं सांगतात. परवा एका वहिनींना कुणीतरी विचारलं, ‘झोप लागते ना व्यवस्थित?’ त्या म्हणाल्या, ‘लागते की हो. पण घड्याळ लागत नाही म्हणतंय.’

हे उत्तर ऐकल्यापासून हा लेख लिहायचं मनात होतं. कारण तो मिनिटांचा आकडा घड्याळ मोजत नाही, अंदाजानं काढतं. हा अंदाज बांधायची रीत मात्र इतकी सुंदर आहे, की ती एकदा नीट समजून घ्यायलाच हवी.

झोप घडते मेंदूत. माणसाच्या मेंदूचे विद्युत तरंग जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये पहिल्यांदा नोंदवले. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला असा टप्पा दाखवून दिला, ज्यात बंद पापण्यांआड बुबुळं झपाझप हलतात आणि माणसाला ठळक स्वप्नं पडतात. हीच ती आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप. आजही झोपेची खरी तपासणी करायची तर डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला इलेक्ट्रोड चिकटवतात आणि रात्रभराच्या आलेखाचे 30-30 सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाला टप्पा देतात. एखाद्या तुकड्यात मोठे, संथ तरंग किमान एक पंचमांश वेळ दिसले, तरच ती गाढ झोप.

मनगटावर यातलं काहीच पोचत नाही. तिथे मिळतात दोनच गोष्टी: हाताची हालचाल आणि रक्ताची लय. वडगावच्या गल्लीतून जाताना खडखडाट ऐकून माग चालू आहे हे कळतं, पण आत साडीवर कोणती नक्षी उतरते आहे ते कळत नाही. घड्याळाची गत तीच आहे.

हालचालीचं आधी उरकतो. घड्याळातल्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तो किंचित सरकतो, शेजारच्या दात्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युत धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलते आणि हालचालीची नोंद होते. हात बराच वेळ निपचित असेल तर माणूस झोपला, असा हिशेब. त्यामुळे रात्री छताकडे बघत न हलता पडून राहणाऱ्याच्या खात्यावर घड्याळ झोप जमा करतं. उलट बेंगळुरूच्या रात्रीच्या स्लीपर बसमध्ये खड्ड्यांमुळे हात हलत राहिला, तर लागलेली झोपही वजा होऊ शकते.

आता हिरवा दिवा. घड्याळ उलटं केलं की लुकलुकतो तो. त्याचा प्रकाश कातडीत फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जोरात शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटाच्या बारीक धमन्यांत रक्ताची लाट येते, जास्त प्रकाश शोषला जातो आणि शेजारच्या सेन्सरकडे कमी परततो. दोन ठोक्यांच्या मध्ये थोडा जास्त परततो. परतलेल्या प्रकाशातला हा चढउतार जेमतेम एक-दोन टक्क्यांचा, कित्येकदा त्याहूनही कमी. दिवा लुकलुकतो तो वीज वाचावी म्हणून आणि खोलीतला उजेड वेगळा मोजून वजा करता यावा म्हणून.

हिमोग्लोबिनचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. रक्तात लोह असतं, पृथ्वी चुंबक आहे, म्हणून उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, असं आपल्याकडे अजून शिकलेली माणसंही सांगतात आणि याच बोलण्यावर प्रदर्शनांत चुंबकीय गाद्या खपतात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडाप्रमाणे चुंबकाला चिकटत नाही. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्ला. एमआरआयच्या यंत्रात 1.5 टेस्ला, म्हणजे सदतीस हजारपटींहून जास्त. त्यात झोपवलेल्या माणसाचं रक्त डोक्याकडे धावत नाही. डोकं हवं त्या दिशेला करा.

तर ठोके कळले. पण ठोक्यांवरून झोपेचा टप्पा कसा कळणार? मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा आणि सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळ येतात, बाहेर सोडताना लांबतात. मेंदूतून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस हृदयाला सतत लगाम घालत असते. श्वास घेताना हा लगाम ढिला पडतो, सोडताना आवळला जातो. म्हणजे नाडी मिनिटाला 60 असली तरी दोन ठोक्यांतलं अंतर दर वेळी बरोबर 1000 मिलिसेकंद नसतं. कधी 970, कधी 1030. या बारीक फरकांत श्वासाचा अख्खा ताल लिहिलेला असतो.

गाढ झोपेत श्वास संथ आणि एकसारखा होतो, व्हेगसचा अंमल चढतो, नाडी उतरते, फरकांचा आलेख नियमित लाटांत दिसतो. आरईएम झोपेत श्वास अनियमित, नाडीही खालीवर, पण मेंदू त्या वेळी हातापायांचे स्नायू जवळपास बंद करून टाकतो. हात स्तब्ध आणि हृदय अस्थिर, हीच आरईएमची खूण. घड्याळातलं सॉफ्टवेअर ती शोधत असतं.

यात एक अडचण आहे. सेन्सर सेकंदाला 25 वेळा बघत असेल, तर दोन नोंदींच्या मध्ये 40 मिलिसेकंदांची फट पडते आणि आपल्याला हवा असलेला फरक कधी कधी त्याहून लहान असतो. म्हणून लाटेच्या माथ्याजवळचे तीन बिंदू घेऊन त्यांतून परवलयाचा, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा, वक्र काढतात आणि त्या वक्राचा माथा गणितानं शोधतात. प्रत्यक्ष न पाहिलेला क्षण असा काही मिलिसेकंदांच्या आत सापडतो. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडतो तो हा टप्पा.

मात्र या साखळीची प्रत्येक कडी नाजूक आहे. पट्टा सैल असला की प्रकाश गळतो. हिवाळ्यात पहाटे हात गार पडले की कातडीतलं रक्त आटतं आणि लाट बुटकी होते. बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉल चालू असेल तर नाडी औषधानंच उतरलेली असते. रात्री मद्य घेतलं, अंगात ताप असला तर ती चढलेली असते. आणि बिछान्यात निश्चल पडून काळजी करणाऱ्याचा हातही स्तब्ध, हृदयही अस्थिर! प्रयोगशाळेत मेंदूचे तरंग समोर असतानाही दोन तज्ज्ञांचं शंभरातल्या ऐंशीच्या आसपास तुकड्यांवरच एकमत होतं. मग मनगटावरून काढलेल्या एक्केचाळीस मिनिटांवर किती विसंबायचं? वयाबरोबर गाढ झोप कमी होते हेही त्या काकांना कुणी सांगितलेलं नसतं. घड्याळातला आकडा सुधारायच्या नादात झोप बिघडवून घेणाऱ्या रुग्णांची वर्णनं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2017 मध्येच छापली आहेत.

कधी पाठ टेकली, कधी उठलो आणि या वेळा रोज किती सरकतात, एवढं घड्याळ बऱ्यापैकी सांगतं आणि तेच कामाचं आहे. खानापूर-चिकोडीकडे थ्री फेज रात्री आली की उसाला पाणी पाजायला, दारं धरायला माणूस मध्यरात्री शेतात जातो. उद्यमबागेत रात्रपाळी करणारा सकाळी आठनंतर आडवा होतो. अशांची झोप तुकड्यातुकड्यांनी होते. बरीच घड्याळं दिवसाच्या तुकड्यांना डुलकी म्हणून बाजूला टाकतात आणि झोपेला दिलेला स्कोअर पाडतात. अशा माणसांनी स्कोअर सोडून द्यावा, चोवीस तासांतले सगळे तुकडे स्वतः जोडावेत आणि ती बेरीज आठवडाभर बघावी.

एका बाबतीत मात्र घड्याळाचा इशारा झटकू नये. लाल आणि अवरक्त प्रकाश वापरून रक्तातला ऑक्सिजन मोजायची युक्ती जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडली. तीच आता मनगटावर आली आहे, बोटावरच्या यंत्राइतकी भरवशाची नसली तरी. रात्रीतून वारंवार ऑक्सिजन खाली येत असेल, माणूस मोठ्यानं घोरत असेल, घोरणं मध्येच थांबून दचकून श्वास घेत असेल आणि दिवसा गाडी चालवताना पेंगत असेल, तर कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना गाठावं. झोपेतल्या तपासणीत श्वास किमान 10 सेकंद थांबल्याचे किंवा तेवढाच वेळ बराच मंदावल्याचे प्रसंग मोजतात. तासाला 5 पेक्षा कमी असले तर ठीक, 15 च्या पुढे मध्यम आणि 30 च्या पुढे आजार (स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणं) तीव्र. तिथे उपचार म्हणजे नाकावर मास्क लावून हलक्या दाबाची हवा सोडणारं, घशाची वाट रात्रभर उघडी ठेवणारं यंत्र.