हिरवा दिवा लागला, पण वाट कुठं उघडलीय?

वळीव आला की कोल्हापुरात लाईट जाते, येते, पुन्हा जाते. आमच्या घरी फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा दिवा लागतो, पण फ्रिज ३ मिनिटं गप्प असतो. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

गोकुळ शिरगावातल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात नेटवर्कला एवढा धीर नव्हता. तिथं इंटरनेटच्या दोन लाईन आणि दोन राऊटर, एक मुख्य, एक राखीव. मुख्य राऊटर दर सेकंदाला 'मी आहे' असा निरोप धाडतो. ३ सेकंदांहून थोडा जास्त वेळ निरोप आला नाही, की राखीव कारभार हातात घेतो. राऊटरांनी असा कारभार वाटून घ्यायची जी व्हीआरआरपी पद्धत आहे, तिच्यात सहसा हेच आकडे असतात. मुख्य खरंच बंद पडला तर हे झकास चालतं. घोळ होतो लाईट परत येताना.

दोघंही एकाच स्विचला जोडलेले; हा विजेचा नव्हे, नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारा डबा. केबल जिवंत झाली की स्विच दिवा लावतो, पण माहिती लगेच सोडत नाही. जोडण्यांचा कुठं वेढा पडला तर माहितीची तीच पाकिटं गरगरत राहतील, म्हणून जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत तो १५ सेकंद नुसता ऐकतो आणि पुढची १५ सेकंद कोण कुठल्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या कुठल्या खाचेवर, आहे ते शिकतो. ही पद्धत संगणकतज्ज्ञ रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडली. इकडं ३० सेकंद वाट बंद, तिकडं राखीवाचा धीर ३ सेकंदांचा! निरोप पोचत नाहीत आणि दोघंही कारभारी होऊन बसतात.

त्यात राखीव राऊटर लहान, म्हणून आधी जागा होतो. त्याच्या लाईनवरून कुणी व्हिडिओ कॉल लावतो. तेवढ्यात मुख्य जागा होऊन कारभार परत घेतो, ऑफिसचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि कॉल तुटतो.

यावर अनेक जण ३ चे ३० सेकंद करून टाकतात. मला ते पटत नाही, कारण मग खऱ्या बिघाडातही अर्धा मिनिट बसून राहावं लागतं. त्यापेक्षा पोर्ट जिवंत झाल्यावरच, तेवढ्यापुरतं थांबायला राऊटरला सांगावं. आणि या पोर्टवर पुढं दुसरा स्विच नाही, हे स्विचला सांगितलं की तो वाट लगेच उघडतो.

लिनक्स या संगणक प्रणालीत दोन नेटवर्क केबल एकत्र बांधताना असाच थांबायचा वेळ, म्हणजे 'अपडिले', मिलिसेकंदांत देता येतो. त्यात एक शहाणी सूट आहे: एकही केबल चालू नसेल, तर पहिली जिवंत होणारी केबल न थांबता कामाला लागते. फ्रिजला मात्र ही सूट नाही.