परदेशात जन्मलेलं मूल, एक पालक भारतीय: भारतीय पासपोर्ट की ओसीआय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

बाळाचा पहिला पासपोर्ट कोणत्या देशाचा काढायचा, हे दोघांनी बसून ठरवल्याशिवाय कुठलाच अर्ज भरू नका. आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक, दुसरा परदेशी आणि मूल भारताबाहेर जन्मलेलं, अशा घरांसाठी ही माहिती आहे. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड, परदेशी पासपोर्ट असलेल्याला भारतात आजीवन ये-जा करू देणारं. या घरांमध्ये बहुतेक घोळ कागद नसल्यामुळे होत नाही, कागद उलट्या क्रमाने काढल्यामुळे होतो. आजी-आजोबांना बाळ दाखवायचं म्हणून घाईघाईने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला जातो. काही महिन्यांनी भारतीय पासपोर्टची चौकशी करायला गेल्यावर कळतं, की तो रस्ता आपल्याच हाताने बंद झाला आहे.

मूल भारतीय नागरिक केव्हा ठरतं?

याचं उत्तर नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये आहे. १० डिसेंबर १९९२ पूर्वी भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळत असे. त्या तारखेपासून आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण मुलाच्या जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असला तरी चालतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून एक महत्त्वाची अट आली. मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात झाली पाहिजे. नोंद नसेल, तर आई किंवा वडील भारतीय असूनही मूल भारतीय नागरिक होत नाही. नोंद करताना मुलाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही, असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं.

जन्मामुळे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपोआप मिळालं असेल, तर तेवढ्यानेच ही नोंद अडत नाही. अशी दोन नागरिकत्वं असलेल्या मुलाचा विचार त्याच कलमात केलेला आहे. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय नागरिकत्व संपतं. म्हणजे अठराव्या वर्षी हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहणारच आहे, आणि तेव्हा निर्णय मुलाचा असेल.

इथे भारतीय पालकाने स्वतःचीही तारीख तपासावी. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं, की कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. जुना भारतीय पासपोर्ट अजून कपाटात आहे, त्याची मुदतही बाकी आहे, याने काही फरक पडत नाही. बाळाच्या जन्माआधी नागरिकत्वाची शपथ झालेली असेल, तर कलम ४ चा मार्ग त्या पालकामुळे मिळत नाही. तो पासपोर्ट दूतावासात जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या. पुढे ओसीआयच्या अर्जात ते लागतंच.

मग काय निवडायचं?

माझं स्पष्ट मत असं, की जिथे राहता त्या देशाचं नागरिकत्व मुलाला जन्मतःच मिळालेलं असेल, तर त्या देशाचा पासपोर्ट आणि सोबत ओसीआय हाच मार्ग धरावा. भावना मला कळते. आपल्या मुलाच्या हातात आपल्याच देशाचा पासपोर्ट असावा असं कोणाला वाटत नाही? पण रोजचं जगणं राहत्या देशाच्या पासपोर्टवर होतं. अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत येताना आणि बाहेर जाताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा, असा तिथला कायदा आहे, आणि तो तान्ह्या मुलालाही लागू होतो. जर्मनी स्वतःच्या नागरिकाला निवास परवाना देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर परवान्याचा शिक्का मिळवायला गेलात तर हात हलवत परत याल. ब्रिटिश नागरिकाला ब्रिटनचा व्हिसा मिळत नाही. परदेशी पासपोर्टवर प्रवास करायचा तर तिथे राहण्याचा हक्क सांगणारं वेगळं प्रमाणपत्र काढावं लागतं.

उलट, काही घरांसाठी भारतीय नोंद हाच एकमेव आधार असतो. कतार, कुवेत, लेबनॉन, जॉर्डन या देशांत आई आपलं नागरिकत्व मुलाला वडिलांच्या बरोबरीने देऊ शकत नाही. आई लेबनीज आणि वडील भारतीय असतील, तर वर्षभरात भारतीय नोंद न झालेलं मूल कोणत्याच देशाचं नसण्याची वेळ येऊ शकते. अशा घराने एक दिवसही वाया घालवू नये. ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९८३ पासून केवळ तिथे जन्मल्याने मूल ब्रिटिश होत नाही. आई-वडिलांपैकी एक जण ब्रिटिश किंवा तिथे कायमचा स्थायिक असावा लागतो. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या भारतीय आणि फिलिपिनो जोडप्याच्या मुलापुढे मग दोनच पासपोर्ट उरतात, भारताचा किंवा फिलिपीन्सचा.

जोडीदाराच्या देशाचीही मुदत असते, ती विसरू नका. जपानचं उदाहरण घ्या. जपानबाहेर जन्मलेल्या मुलाला जन्मानेच दुसरं नागरिकत्वही मिळालं असेल, तर तीन महिन्यांच्या आत जपानी बाजूला जन्म कळवून नागरिकत्व राखून ठेवण्याची नोंद करावी लागते, नाहीतर जपानी नागरिकत्व जातं. आपलं एक वर्ष त्यामानाने बरंच.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. भारतात कितीही वेळा येण्याचा आजीवन व्हिसा मिळतो, आणि राहण्यासाठी परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणी लागत नाही. मात्र मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मुलाच्या शिक्षणाचा विचार असेल तर ४ मार्च २०२१ ची अधिसूचना नजरेखालून घाला: नीट, जेईईसारख्या परीक्षांमधून प्रवेश घेताना ओसीआयधारकाला अनिवासी भारतीयांच्या जागांवर दावा सांगता येतो, फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर नाही. चार-पाच वर्षांत कायमचं भारतात परतायचं ठरलेलं असेल, तर हा मुद्दा वजनदार आहे.

जन्मनोंदणीचा अर्ज

भारतीय नागरिकत्वाच्या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म १ भरायचा, छापील प्रतीवर दोघांनी सह्या करायच्या आणि ज्या दूतावासाच्या हद्दीत राहता तिथे द्यायचा. सोबत मुलाचा मूळ जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला, राहत्या देशातल्या निवास परवान्याची प्रत आणि मुलाकडे दुसरा पासपोर्ट नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. मुलाच्या पासपोर्टचा अर्जही बरोबरच तयार ठेवा. वर्ष उलटून गेलं असेल तर दार पूर्ण बंद होत नाही, पण नोंदीसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. अर्ज त्याच दूतावासातून जातो, उशिराचं कारण लेखी द्यावं लागतं, आणि मंजुरी मिळेपर्यंत मूल कागदावर लटकलेलं राहतं.

मुलाचं ओसीआय

आई-वडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल तर अल्पवयीन मूल पात्र ठरतं. पालक, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबांपैकी कोणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक असेल वा पूर्वी कधी तिथला नागरिक असेल, तर मात्र अर्ज चालत नाही. अर्ज ओसीआयच्या सरकारी पोर्टलवर भाग अ आणि भाग ब असा भरायचा. मुलाचा परदेशी पासपोर्ट, जन्मदाखला, आई-वडिलांचा विवाहाचा दाखला, भारतीय पालकाचा पासपोर्ट, दोघांची लेखी संमती, राहत्या पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या नव्हे तर फिकट रंगाच्या पार्श्वभूमीवरचा चौकोनी फोटो, आणि सहीच्या जागी तान्ह्या मुलाच्या अंगठ्याचा ठसा. परदेशात फी २७५ अमेरिकन डॉलर, भारतात अर्ज केल्यास १५,००० रुपये.

कार्ड मिळालं की काम संपलं असं समजू नका. वीस वर्षांचं होईपर्यंत मुलाचा पासपोर्ट जितक्या वेळा बदलेल, तितक्या वेळा नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो तीन महिन्यांच्या आत पोर्टलवर चढवायचा. विशीनंतर नवा पासपोर्ट घेतला की कार्ड एकदा नव्याने काढायचं.

परदेशी जोडीदाराचं ओसीआय

इथे नियम कडक आहेत. लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाच्या आधी सलग किमान दोन वर्षं लग्न टिकलेलं हवं. म्हणूनच धार्मिक विधी झाल्यावर नोंदणी 'नंतर बघू' म्हणून लांबवू नका. भारतात नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर विशेष विवाह कायदा १९५४ खाली तीस दिवसांची नोटीस असते, आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात आधी तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. परदेशात लग्न करणाऱ्यांसाठी परदेशी विवाह कायदा १९६९ आहे. दोघांपैकी एक भारतीय असला की पुरे. तोवर भारतात यायला जोडीदारासाठी एन्ट्री व्हिसा असतो.

जोडीदाराच्या अर्जाला सुरक्षा तपासणी आहे आणि दोघांना मुलाखतीला बोलावलं जाऊ शकतं, त्यामुळे हा अर्ज मुलाच्या अर्जापेक्षा जास्त रेंगाळतो. दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा बँकेचं संयुक्त खाते हाताशी असू द्या. पुढे प्रत्येक नव्या पासपोर्टबरोबर लग्न टिकून असल्याचं घोषणापत्रही चढवावं लागतं. घटस्फोट झाला तर हे कार्ड रद्द होऊ शकतं.

नावं आणि शिक्के

अर्ज परत येण्याचं एक मोठं कारण म्हणजे नावातला फरक, आणि मराठी माणसाला तो हमखास भेटतो. आपल्या पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. परदेशातला जन्मनोंदणी अधिकारी ती दोन्ही बाईचीच नावं समजून दाखल्यावर चढवतो. लग्नाच्या दाखल्यावर मात्र एकच नाव असतं, आणि तेवढ्यात माहेरच्या आडनावाचा पासपोर्टही बदलून झालेला असतो. अर्ज तपासणाऱ्याला या तीन कागदांवर तीन वेगळ्या बायका दिसतात. बाळंतपणाआधीच आईचे सगळे कागद एका नावावर आणा. शक्य नसेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. बाळाच्या नावात वडिलांचं नाव मध्ये घालायचं असेल तर ते जन्मदाखल्यावरच घाला. दाखल्यावर नसलेलं मधलं नाव पासपोर्टच्या अर्जात लिहिलं, की पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं.

परदेशी दाखल्यावर त्या देशाचं अपोस्टिल घ्या. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार कागद खरा असल्याचा शिक्का, आणि तो जिथे कागद निघाला त्याच देशात मिळतो. भारत या करारात २००५ मध्ये आला, कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून आहे. संयुक्त अरब अमिराती करारात नाही, तिथले कागद परराष्ट्र खातं आणि दूतावास अशा साखळीने प्रमाणित करावे लागतात. जर्मनीत बाळ जन्मलं तर अनेक भाषांतला आंतरराष्ट्रीय जन्मदाखला मागून घ्या, त्यात इंग्रजी असल्याने भाषांतराचा खर्च वाचतो.

राहत्या देशातला मुक्काम

जोडीदाराच्या आधाराने मिळालेल्या व्हिसाच्या अटी लग्न सुरळीत असतानाच वाचून ठेवा. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांना वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागू लागलं. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड सशर्त असतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत ती अट काढण्यासाठी दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. जर्मनीत जोडीदारापासून वेगळं झाल्यावर स्वतःच्या हक्काने राहायचं तर सर्वसाधारणपणे तिथे तीन वर्षांचा एकत्र संसार झालेला असावा लागतो. घरात छळ होत असेल तर या अटीला अपवाद आहे. हा अपवाद माहीत नसल्याने नुसत्या व्हिसाच्या भीतीपोटी मार सहन करणाऱ्या बायका आहेत, म्हणून तो मुद्दाम इथे लिहिते आहे.

मुलाला घेऊन एकट्याने प्रवास करताना दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा. संसार बिनसलेला असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय मुलाला घेऊन भारतात निघून येऊ नका. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. भारतीय न्यायालय अशा प्रकरणात मुलाचं हित सर्वात वर ठेवून निर्णय देतं आणि परदेशी न्यायालयाच्या आदेशाकडे त्यातली एक बाब म्हणून पाहतं. पण राहत्या देशात त्याच कृतीसाठी फौजदारी गुन्हा नोंदला जाऊ शकतो, आणि मग मुलाला भेटण्यासाठी त्या देशात परत पाऊल ठेवणंही अवघड होतं. ताब्याचा अर्ज आधी राहत्या देशातल्या कुटुंब न्यायालयात करा आणि मुलाला भारतात नेण्याची परवानगी तिथूनच लेखी मिळवा.