बेडरूममध्ये बंदूक ठेवायचीय? गोव्यात परवान्याची फाईल कुठे अडते ते आधी वाचा

हत्याराच्या परवान्याची फाईल परत आली की पहिलं वाक्य ठरलेलं, वशिला कमी पडला. असेलही कधी. पण परत आलेले कागद उघडून बघितले तर बहुतेक वेळा कारण भलतंच साधं निघतं, कारणाच्या रकान्यात दोन शब्द, डॉक्टरचं सर्टिफिकेट भलत्याच नमुन्यात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे हत्यार घरात कुठे ठेवणार या प्रश्नाला दिलेलं उत्तर, 'ठेवू की बेडरूममध्ये'. बेडरूममध्ये ठेवायला कोणाची हरकत नाही, पण कसं ठेवणार ते सांगावं लागतं.

सोपं आधी उरकतो. वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज फॉर्म ए-१, तो हत्यार परवान्यांच्या केंद्राच्या पोर्टलवर भरायचा आणि प्रिंट घेऊन कागदांसकट आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. आधार, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो. इथे कोणी अडकत नाही, फक्त आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव एक असू दे. आपल्याकडे जुन्या दाखल्यांवर पोर्तुगीज स्पेलिंगं असतात, ती आधी जुळवून घ्या, नाहीतर तिथेच एक महिना गेला म्हणून समजा.

आता कारण. लोक 'सेल्फ डिफेन्स' एवढंच लिहितात आणि पिस्तूल मागतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ बघा, त्यात दोन वेगळे रस्ते आहेत. निदान २० इंच लांब गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, किंवा पीक राखायला ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) मागितली, तर नकार देण्याजोगं कायद्यातलं कारण नसल्यास परवाना द्यावा अशी भाषा आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागितलं की भाषा बदलते, तिथे सबळ कारण आहे हे अधिकाऱ्याला पटवायचं काम तुमचं. एकटं घर, पूर्वी झालेली घरफोडी, पोलिसात दिलेली तक्रार, धंद्यातली रोख, जे खरं असेल ते तारखांसकट लिहा आणि तक्रारीची प्रत जोडा. शेजाऱ्याच्या अर्जातला मजकूर उतरवून काढू नका, तीच ती वाक्यं वाचून क्लार्क कंटाळलेले असतात.

सत्तरी, सांगे, केपे, काणकोण भागातली मंडळी पीक संरक्षणासाठी अर्ज करतात, त्यांना एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाची आणि कसतो कोण याची नोंद, लागतो आणि घोडं तिथेच अडतं. कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, आजोबांच्या नावावर, कसणारा नातू, कूळ म्हणून नोंद कधी झालीच नाही. मग आधी मामलेदाराकडे जाऊन नोंदीचं बघा, बंदुकीचा अर्ज त्याच्यानंतर. आणि हे पण डोक्यात असू दे की पीक राखायचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, गवा रेडा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्युलात आहे, तो कुळागरात घुसून माडाची रोपं तुडवत असला तरी त्याच्यावर गोळी झाडता येत नाही.

घराच्या कागदांवरून लोकांना उगाच पळवलं जातं. घर तुमच्या नावावर नाही, तुम्ही मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे) आहात, भाड्याने राहता, घरपट्टी अजून वारलेल्या काकाच्या नावाने येते, म्हणून काउंटरवरून परत पाठवतात. कलम १४ स्पष्ट म्हणतं की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. तुम्ही तिथे राहता याचा पुरावा द्यायचा असतो, मालकीचा नाही. हे नम्रपणे पण लेखी सांगा, कारण तोंडी सांगितलेलं त्या खिडकीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

ट्रेनिंगचं सर्टिफिकेट बहुतेकांकडे नसतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचा कोर्स करावा लागतो, त्यात हत्यार साठवायचं आणि वाहून न्यायचं कसं हेही शिकवतात. एनसीसीचं सर्टिफिकेट जोडून 'चालेल ना' विचारणारे खूप भेटतात. कोणाचं सर्टिफिकेट चालतं ते फी भरायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, नंतर नाही. मेडिकलचंही तसंच, फॅमिली डॉक्टरने लेटरहेडवर 'फिट' लिहून दिलेलं चालत नाही. ठराविक फॉर्म आहे, त्यात शरीर आणि मन दोन्ही ठीक आहेत आणि माणूस नशेवर अवलंबून नाही असं वेगळं लिहावं लागतं. संध्याकाळी एक पेग फेणी घेता म्हणून कोणी नाकारत नाही, पण डॉक्टरसमोर बढाया मारायची जागा ती नव्हे.

आणि आता तो साठवणीचा कागद, ज्याच्यावर लोक न वाचता सही ठोकतात. हे सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र आहे. हत्यार तुमच्या थेट ताब्यात नसेल तेव्हा ते रिकामं करून कुलपात ठेवीन, दुसऱ्या कोणाच्या हाती लागू देणार नाही, अशी हमी तुम्ही देता. चौकशीला आलेला हवालदार हेच विचारतो आणि उत्तरं काय मिळतात, तर उशीखाली, गादीखाली, साड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर. झोपलेल्या माणसाच्या ताब्यात काहीच नसतं हो. उशीखाली हात पहिला कोणाचा जाईल, तुमचा की पाच वर्षांच्या पोराचा, ते सांगता येत नाही.

हाताशी पाहिजे आणि सुरक्षितही पाहिजे, या दोन्ही गोष्टी जमतात, पण त्यासाठी थोडा खर्च आणि भिंतीला भोकं पाडायची तयारी लागते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर पलंगावर बसून हात पोचेल अशा जागी छोटी स्टीलची तिजोरी, आतून बोल्टने पक्की केलेली. नुसती टेबलावर ठेवलेली तिजोरी चोर तिजोरीसकट उचलून नेतो. जुन्या घरांत चिऱ्याच्या भिंती मातीत बांधलेल्या असतात, तिथे साधा बोल्ट चार दिवसांत हलायला लागतो, म्हणून केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट चिकटवलेला बोल्ट) वापरा किंवा खालच्या काँक्रीटला पक्कं करा. नळ्यांचं, म्हणजे कौलारू घर असेल तर चोर छपरातूनही उतरतो, त्यामुळे दाराला तीन कड्या आहेत हे उत्तर पुरत नाही. गोळ्या वेगळ्या कुलपात, निदान वेगळ्या कप्प्यात.

बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या तिजोऱ्यांची जाहिरात जोरात असते, पण आपल्या पावसाळ्यात ओल्या, घामट बोटाला ती कितीदा नाही म्हणते ते वापरणाऱ्यांना विचारा. बटणांचा कोड बरा, अंधारात बोटांनी चाचपून उघडता येतो, फक्त बॅटरी गणपतीच्या आधी एकदा बदलायचा नेम ठेवा. जास्तीची किल्ली दारामागच्या खिळ्यावर नको. कोड पोरांची जन्मतारीख नको, पोरांनाच तो पहिला सुचतो.

बारा बोअरवाल्यांना उभं स्टीलचं कपाट लागतं. आजीच्या काळचं सागवानी कपाट दणकट दिसतं खरं, पण मागची फळी चार खिळ्यांवर असते. मधे मोडणारी दुनाळी असेल तर तिची नळी वेगळी काढून ठेवता येते, घरात लहान मुलं असतील तर हे जरूर करा. ट्रिगर लॉक काही महाग नसतं. आणि गंज, समुद्राची हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल, कातडी कव्हरमध्ये घालून ठेवलेली बंदूक दिवाळीला बाहेर काढली की रडू येतं. कव्हर बाजूला ठेवा, हलकं तेल लावा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा.

किल्ली कोणाकडे, हा प्रश्न घरोघरी चुकतो. परवाना ज्याच्या नावावर त्याच्याकडेच. बायकोला, मोठ्या मुलाला कोड सांगून ठेवणं आपल्याला साधं वाटतं, पण परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. जहाजावर जाणाऱ्यांनी तर हे नीटच ऐका. तुम्ही महिनोन्महिने बाहेर, हत्यार बेडरूममध्ये, घरात म्हातारी आई आणि बायको. जाण्याआधी पोलीस स्टेशनात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा. घरात खरंच दोघांना गरज असेल तर दुसऱ्याने आपला स्वतंत्र अर्ज करावा.

पोलीस रिपोर्टसाठी नियमात ३० दिवस आहेत. रिपोर्ट मुदतीत आला नाही तर त्याची वाट न बघता निर्णय घ्यायची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिलीय, पण ती मुभा आपणहून कोण वापरणार, म्हणून मुदत उलटली की एक अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नकार आला तर कारणं लेखी मागा, कारणाशिवाय अपील कशावर करणार.

वडिलांची बंदूक घरी पडून आहे अशा लोकांसाठी वेगळं सांगतो, कारण यातले निम्मे जण नकळत गुन्हा करत असतात. परवानाधारक वारला की हत्यार आधी जमा करायचं, पावती घ्यायची आणि मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज. कपाटात तसंच ठेवून 'आठवण आहे बाबांची' म्हणणं कायद्याला कळत नाही. गोव्यात वारसांची यादी लांब असते, एक भाऊ इंग्लंडात स्विंडनला, बहीण लिस्बनला, एक आखातात, आणि सगळ्यांचं ना हरकत पत्र लागतं. वडील हयात असतील आणि ७० ओलांडलेले असतील किंवा त्यांनी हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल तर त्यांच्या हयातीतच वारसाला परवाना मिळायची तरतूद आहे, ती वापरा. आता एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, हेही मोजून घ्या.

नूतनीकरणाचा घोळ तारखेचा. मुदत संपायच्या निदान ६० दिवस आधी अर्ज करायचा असतो, लोक शेवटच्या आठवड्यात धावतात. परवाना हल्ली ५ वर्षांचा असतो हे ऐकून काही जण जुन्या ३ वर्षांच्या परवान्यावर निवांत बसतात. तुमच्या पुस्तकावर छापलेली तारीख बघा, व्हॉट्सअपवर आलेली नको.

आणि निवडणुका लागल्या की हत्यार जमा करायचा आदेश निघतो. शेतकऱ्यांची पिकं त्याच दिवसांत उभी असतात हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं. सूट पाहिजे असेल तर कोणाचं हत्यार जमा करायचं ते ठरवणाऱ्या स्क्रीनिंग कमिटीकडे लगेच अर्ज द्या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. जमा केलंत तर पावतीवर हत्याराचा नंबर, गोळ्यांचा आकडा आणि हत्याराची अवस्था लिहून घ्या, देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, आणि आचारसंहिता उठल्यावर परत आणायला उशीर करू नका, पोलीस स्टेशनातल्या खोलीत सिलिका जेल कोणी ठेवत नाही.