बंद पेवातले इलेक्ट्रॉन

तासगाव तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. ठिबकच्या मोटारीसाठी मी त्यांना एक छोटी पेटी करून दिली आहे. कोणत्या व्हॉल्व्हला किती मिनिटं पाणी सोडायचं आणि मोटार एकूण किती तास चालली, हे ती लक्षात ठेवते. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. गेलेली लाईट चार तासांनी आली तरी पेटीला सगळं आठवत असतं. मामा म्हणाले, "आत सेल असंल की, घड्याळागत." इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडूनही मी हेच ऐकलं आहे. पण आत सेल नाही. आहेत ते कोंडलेले इलेक्ट्रॉन, आणि ते कसे कोंडतात हे कितीही वेळा सांगितलं तरी माझं मन भरत नाही.

पेटीत एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवर मावलेला छोटा संगणक, आहे. त्यात प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश, चालू हिशेबासाठी २ किलोबाइट रॅम (ही वीज जाताच पुसली जाते) आणि जपून ठेवायच्या आकड्यांसाठी १ किलोबाइट, म्हणजे १०२४ बाइट ईईप्रॉम. मामांच्या सगळ्या सेटिंगना तीसेक बाइट पुरतात.

सांगलीजवळ हरिपुरात हळद साठवायची पेवं आहेत. जमिनीत खोल खड्डा, हळद भरली की तोंड बंद. माल टिकून राहतो. ईईप्रॉममधला प्रत्येक बिट, म्हणजे शून्य किंवा एक ठेवायची जागा, हे असंच एक पेव आहे, फक्त त्याला तोंडच नाही. (असे आठ बिट मिळून एक बाइट.) ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म स्विचच्या, पोटात सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा असतो आणि त्याच्या सर्व बाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे काचेच्याच जातीचा विद्युतरोधक. या तुकड्याला कुठलीही तार जोडलेली नसते. त्याचं नाव फ्लोटिंग गेट. १९६७ मध्ये बेल लॅब्जमधल्या दावोन कांग आणि सायमन स्झे यांनी ही कल्पना मांडली.

मग तोंड नसलेल्या पेवात इलेक्ट्रॉन शिरतो कसा? एका ठिकाणी ही काचेची भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली असते, साधारण १० नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीचा सात-आठ हजारावा हिस्सा. तरीही ही भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनजवळ नसते. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या मापात तिची उंची भरते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त. पण इलेक्ट्रॉन हा नुसता कण नाही, तो लाटही आहे. भिंतीशी ही लाट एकदम संपत नाही, आत झपाट्याने विरत जाते. भिंत पुरेशी पातळ झाली तर लाटेचं शेपूट पलीकडे पोचतं, आणि इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची शक्यता निर्माण होते. भिंतीवर जबर व्होल्टेज लावलं की तिचा आकार तिरपा, त्रिकोणी होतो, आणि वरच्या निमुळत्या भागातून इलेक्ट्रॉन आरपार जातात. राल्फ फाउलर आणि लोथर नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्ये याचं गणित मांडलं ते धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी.

यासाठी भिंतीत दर सेंटीमीटरला १ कोटी व्होल्टच्या आसपास विद्युतक्षेत्र लागतं. हवेत ३० हजारांनाच ठिणगी पडते! चिपला मिळतात फक्त ५ व्होल्ट. म्हणून आतच एक चार्ज पंप असतो. म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवते, तसा तो कॅपॅसिटरच्या (थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागांच्या) टप्प्यांनी व्होल्टेज चढवतो. एक बाइट लिहायला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात. नंतर व्होल्टेज काढलं की भिंत पुन्हा अभेद्य, इलेक्ट्रॉन आत अडकलेले. वाचताना त्यांना हात लावावा लागत नाही. त्यांच्या प्रभारामुळे खालच्या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह वाहतो की नाही, एवढंच पाहायचं. २५ अंश सेल्सिअसला १०० वर्षं, ८५ अंशांना २० वर्षं माहिती टिकते, असं चिपच्या माहितीपत्रकात दिलं आहे.

लिहिताना मात्र भिंत झिजते. काही इलेक्ट्रॉन काचेतच रुतून बसतात. हमी १ लाख वेळा लिहिण्याची. एकाच जागी दर सेकंदाला आकडा लिहिला तर २७ तास ४६ मिनिटांत ती संपली! म्हणून मी फक्त लाईट जाताना लिहायचं ठरवलं. कॅपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर तेवढं काम होईल, असा माझा हिशेब.

तो चुकला. एका सकाळी मामांचा फोन: "तास शून्यावर आल्यात." त्यांच्या वहीत आकडा होता २५६, आणि तिथेच मला उलगडलं. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो, पुढे दोन बाइट लागतात. २५५ म्हणजे खालचा बाइट भरलेला, वरचा शून्य. २५६ म्हणजे खालचा शून्य, वरचा एक. माझा प्रोग्रॅम खालचा बाइट आधी लिहायचा. तो शून्य झाला आणि वरचा लिहायच्या आत कॅपॅसिटर रिकामा. राहिलं शून्य-शून्य.

तोवर मामींनी पेटीला लिंबू-मिरची बांधली होती. मी ती सोडवली आणि दोघांना कागदावर ही बेरीज करून दाखवली. नजर लागली म्हटलं की शोध तिथेच थांबतो. वहीतला २५६ पाहिला म्हणून चूक सापडली.

आता कॅपॅसिटर मोठा आहे. आकडा दोन जागी आलटून पालटून लिहिला जातो, आणि प्रत्येक प्रतीच्या शेवटी एक पडताळणीचा बाइट असतो. लिहिणं अर्धवट राहिलं तर तो जुळत नाही, मग पेटी आधीची प्रत उचलते. फार तर आधीच्या नोंदीनंतरचे तास हुकतील. ऑक्टोबर छाटणीच्या आधी मामांनी फोनवर वही आणि पेटी दोन्ही वाचून दाखवली. दोन्हीकडे ६१२.