आसुके: मिठाच्या वाटेवरचे नगर टोयोटा शहरात कसे आले

जपानच्या आइची प्रांतातील आसुके हे डोंगराळ नगर १ एप्रिल २००५ रोजी शेजारच्या पाच नगरे-गावांसह टोयोटा शहरात विलीन झाले आणि त्याची स्वतंत्र नगरपरिषद संपुष्टात आली. हा निर्णय समजून घ्यायचा, तर थोडे मागे जावे लागते.

एदो काळात (१६०३ ते १८६८) मिकावा उपसागराच्या किनाऱ्यावर पिकणारे मीठ होड्यांतून नदीने वर येई आणि पुढे घोड्यांवर लादून डोंगरापलीकडच्या शिन्शू (आजच्या नागानो) प्रदेशात जाई. आसुके या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा होता. निरनिराळ्या मिठागरांतून आलेले मीठ येथे एकत्र करून, घोड्याच्या पाठीला पेलतील अशा सारख्या वजनाच्या गोण्यांत पुन्हा भरले जाई. याच व्यापारावर नगर पोसले गेले. १७७५ च्या मोठ्या आगीत बाजारपेठ जळाल्यावर व्यापाऱ्यांनी जाड गिलाव्याच्या, आगीला दाद न देणाऱ्या भिंतींची घरे बांधली. आज दिसणाऱ्या पेठेचे रूप त्या आगीनंतरचे आहे. पुढे १९११ मध्ये शिन्शूतून जाणारा चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि मिठाच्या वाटेचे महत्त्व गेले. उरली ती शेती, जंगल आणि कोरांकेई घळीतील मेपलची झाडे, जी पाहायला शरद ऋतूत आजही गर्दी लोटते.

खालच्या सपाटीवर याच्या नेमके उलटे घडत होते. मोटार कारखान्याने वाढवलेल्या कोरोमो शहराने १९५९ मध्ये आपले जुने नाव सोडून टोयोटा हे नाव घेतले, तर डोंगरातील तरुण कामासाठी शहरांकडे निघून गेले. त्यातच केंद्र सरकारने अनुदानात कपात आणि विलीन होणाऱ्या नगरांना सवलतीच्या अटींवर कर्जरोखे काढण्याची मुभा असे दुहेरी धोरण राबवले. परिणामी १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या जपानमधील स्थानिक संस्था (शहरे, नगरे आणि गावे) २०१० पर्यंत सुमारे १,७३० वर आल्या.

टोयोटाला मात्र पैशांची निकड नव्हती. माझ्या मते तिथे निर्णायक ठरली ती याहागी नदी. शहराचे पाणी वरच्या डोंगरांतून याच नदीने येते आणि म्हणूनच १९९४ पासून शहर पाणीवापराच्या दर घनमीटरमागे एक येन पाणलोटातील जंगलासाठी बाजूला काढत होते. सप्टेंबर २००० च्या अतिवृष्टीत वरच्या भागात दरडी कोसळल्या, उन्मळलेली झाडे नदीतून वाहत आली आणि निगा न राखलेल्या जंगलाचा धोका शहराच्या दारापर्यंत पोहोचला. विलीनीकरणानंतर शहराच्या क्षेत्राचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंगलाचा झाला आणि २००७ मध्ये शहराने जंगलांविषयी स्वतःचा नियम केला. आसुकेच्या नगर कार्यालयाचे शाखा कार्यालय झाले, स्थानिक प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी रहिवाशांची परिषद नेमली गेली. परंतु स्वतःचा अर्थसंकल्प मंजूर करण्याचा अधिकार त्या परिषदेकडे आला नाही, आणि हे नुकसान लहान नव्हे.