व्हिएतनामी निर्वासित आणि जिनिव्हाच्या दोन परिषदा

१९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपल्यावर होड्यांतून देशाबाहेर पळालेल्या व्हिएतनामी लोकांबद्दल वाचताना ‘जिनिव्हा परिषदे’चा उल्लेख हमखास येतो. ती नेमकी कोणती, जुलै १९७९ ची की जून १९८९ ची, हे लिहिणारेही कधीकधी सांगत नाहीत. दोन्ही संयुक्त राष्ट्रांनीच बोलावलेल्या. पण पहिलीत सरकारं ‘किती जण घ्यायचे’ यावर बसली होती आणि दुसरीत ‘निर्वासित कोण’ यावर.

१९७९ मध्ये आग्नेय आशियातल्या देशांनी आता नवे लोक घेणार नाही असं सांगून टाकलं होतं. मलेशिया तर होड्या पुन्हा समुद्रात लोटत होता. परिषदेत चक्क सौदा झाला. शेजाऱ्यांनी तात्पुरता आसरा द्यायचा, दूरच्या श्रीमंत देशांनी छावण्या रिकाम्या करायच्या. पुनर्वसनाच्या, म्हणजे या दूरच्या देशांत कायमचं वसवायच्या, जागा १,२५,००० वरून २,६०,००० झाल्या. कॅनडाने ५०,००० माणसं घेतो म्हटलं, त्यातली बरीचशी जबाबदारी चर्चेस आणि शेजारपाजारच्या गटांनी उचलली. ब्रिटनमध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर नाखूश होत्या, तरी तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगमधले १०,००० घ्यायला अखेर तयार झाल्या. व्हिएतनामने लोकांचं निसटणं काही काळ रोखायचं कबूल केलं. या कलमाबद्दल फारसं बोललं जात नाही, पण माझ्या मते सगळ्यात अस्वस्थ करणारं तेच. देश सोडू पाहणाऱ्याला देशातच अडवून ठेवायचं, आणि तेही निर्वासितांच्या भल्यासाठी भरलेल्या परिषदेत!

तोवर छावणीत पोचलेला माणूस निर्वासितच धरला जाई. १९८७-८८ मध्ये होड्या पुन्हा वाढल्या आणि घेणारे देश कंटाळले. म्हणून १९८९ च्या परिषदेने छाननी आणली: छळाची रास्त भीती सिद्ध करा, नाहीतर मायदेशी परत. हाँगकाँगने तर छाननी आधीच सुरू केली होती. तिथली सीमारेषा होती १६ जून १९८८. आदल्या दिवशी पोचलेला आपोआप निर्वासित, त्या दिवशी पोचलेल्याला मुलाखत, निर्णय, अपील. होडीला वारा कसा लागला यावरही नशीब ठरलं असणार.

डिसेंबर १९८९ मध्ये हाँगकाँगने ५१ जणांना सक्तीने विमानात बसवलं. त्यावर अमेरिकेने जोरदार टीका केली. पुढे १९९६ पर्यंत एक लाखाहून जास्त लोक परतले, बहुतेक कागदोपत्री स्वेच्छेने. त्याच वर्षी अमेरिकेने परतलेल्यांपैकी काहींच्या पुनर्वसनासाठी व्हिएतनाममध्येच नव्याने मुलाखती घ्यायची योजना काढली.